चित्र आणि अक्षर : एका फारकतीचा इतिहास

परभाषेंतील चित्रपट घरबसल्या पाहण्याची सोय आतां इतकी सुलभ झाली आहे कीं, जपानी अथवा इराणी पात्रांचें बोलणें पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या ओळींत वाचून समजून घेणें यांत कोणासहि नवल वाटत नाहीं. या ओळींस सर्वत्र 'सबटायटल' असें म्हणतात, व आम्हीहि या लेखांत तोच शब्द योजणार आहों. परंतु ज्यानें ही सोय थोडीबहुत वापरली आहे त्यास तिच्यांतील एका खोडीचा अनुभव आल्यावांचून राहत नाहीं. चित्रांत दार वाजतें, घरधनीण उठते, दार उघडून आलेल्या गृहस्थास कांहीं विचारते. आणि त्या गृहस्थाचें उत्तर मात्र ती उठण्यापूर्वींच खालच्या ओळींत येऊन गेलेलें असतें. कधीं याच्या उलट घडतें : पात्रें बोलून, भांडून, निघूनहि जातात, आणि त्यांचे शब्द वरातीमागून घोडें यावें तसे रिकाम्या खोलीच्या चित्राखालीं येत राहतात. प्रेक्षक त्रासतो, फाईल करणाऱ्यास बोल लावतो, व दुसरी फाईल शोधूं लागतो.

हा दोष क्षुल्लक असून एक कळ दाबली कीं तो जातो, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचें मत निराळें आहे. एक कळ दाबून जाणारा दोष या कुळांतील अगदीं धाकटा होय. त्याचे थोरले भाऊ कळ दाबल्यानें जात नाहींत. शिवाय या दोषाचें मूळ कोणा एकाच्या निष्काळजीपणांत क्वचितच असतें. तें शोधूं गेल्यास शंभर वर्षांच्या चित्रपटाच्या इतिहासांतून, दोन खंडांच्या वीजपुरवठ्यांतून व रंगीत टेलिव्हिजनच्या एका तडजोडींतून मागें मागें जावें लागतें. वाचकांस त्या वाटेनें थोडें घेऊन जावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मूकपटाच्या काळीं हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला, तेव्हां त्यांतील कथेचे शब्द पाट्यांवर लिहून, त्या पाट्यांचें छायाचित्रण करून, फिल्मचे ते तुकडे दोन प्रसंगांच्या मधें जोडलेले असत. शब्द हा चित्राच्याच रांगेंत उभा होता. यंत्र हातानें फिरविलें जाई, आणि त्याची गति एका थिएटरांत सेकंदाला १६ चौकटी तर दुसऱ्यांत २० किंवा त्याहूनहि अधिक असे. खेळ लवकर आटपावयाचा असल्यास हात भरभर फिरे. मग राजा धांवूं लागे आणि पाटीहि वाचून होण्याच्या आंत निघून जाई. गैरसोय होई खरी, पण पाटी आपली जागा सोडून दुसऱ्या प्रसंगांत जाऊं शकत नसे. जें एकाच फितीवर आहे तें त्या फितीच्या बरोबरच धांवणार अथवा बरोबरच रेंगाळणार.

पहिली फारकत झाली ती अक्षराची नव्हे, आवाजाची. ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट प्रथम दाखविला गेला. त्याचा आवाज 'व्हिटाफोन' पद्धतीचा, म्हणजे फिल्मपासून वेगळ्या तबकडीवर होता. तबकडी मिनिटास सव्वातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे ३३⅓, फेरे घेई. फिल्म मिनिटास ९० फूट, म्हणजे सेकंदाला नेमक्या २४ चौकटी, या गतीनें सरके. आणि १००० फुटांचें एक रीळ व एक तबकडी सुमारें ११ मिनिटांत एकदम संपत. येथें मौज अशी कीं, सेकंदाला २४ हा आंकडा चित्राच्या गरजेंतून पक्का झाला नाहीं. डोळ्यास गति थोडी कमीजास्त चालते. कानास चालत नाहीं. आवाजाबरोबर चालावयाचें म्हणून चित्रानें आपली गति कायमची बांधून घेतली.

या व्यवस्थेंत एक संकट होतें. फिल्म तुटली कीं यंत्र चालविणारा फाटलेल्या चौकटी कापून टोकें चिकटवी. पांच चौकटी गेल्या कीं त्यापुढें रीळ संपेपर्यंत ओठ आवाजाच्या पुढें जात, कारण तबकडीवरील खोबण कांहीं आंखूड झालेली नसे. उपाय एकच होता : जितक्या चौकटी गेल्या तितक्याच कोऱ्या काळ्या चौकटी मधें घालावयाच्या. आज सबटायटलांच्या बाबतींत जें जें घडतें त्याचें बीज या साध्या दुरुस्तींत आहे. दोन गोष्टी वेगवेगळ्या वाहनांत बसविल्या कीं एका वाहनांतील प्रत्येक फेरफाराची दुसऱ्यांत भरपाई करावी लागते. ही कटकट लोकांस फार दिवस सोसवली नाहीं. लवकरच आवाज फिल्मच्याच कडेला प्रकाशरेषेच्या रूपानें उमटूं लागला, आणि १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागलेल्या 'आलम आरा'चा आवाजहि फिल्मवरच मुद्रित झालेला होता. फारकत मिटली.

बोलपटानें मात्र एक नवी भिंत उभी केली. मूकपटाची पाटी बदलली कीं तो कोणत्याहि देशांत चाले. बोलपट एका भाषेंत कोंडला गेला. १९२९ च्या जानेवारींत पॅरिसमध्यें 'द जॅझ सिंगर' दाखवितांना फ्रेंच सबटायटलांचा अवलंब करावा लागला. पुढें १९३० च्या दशकांत नॉर्वे व हंगेरी येथील कारागिरांनीं चौकटीच्या तळाशीं, फिल्मच्या थरांतच, अक्षरें ठशानें, उष्णतेनें किंवा रसायनानें कोरण्याच्या युक्त्या काढल्या. थर जेथें निघून जाई तेथून प्रकाश आरपार जाऊन शुभ्र अक्षर उमटे. हें अक्षर चित्राच्या कातडीवर गोंदलेलें असे म्हटल्यास चालेल. तें कधींहि मागेंपुढें होऊं शकत नव्हतें. पण गोंदणास किंमत पडते : एक प्रत एका भाषेस कायमची बांधली जाते. फ्रेंच अक्षरांची प्रत मुंबईंत निरुपयोगी, इंग्रजी अक्षरांची पॅरिसमध्यें. पुढें जी फारकत झाली तिला कारण ही किंमत होय.

त्यापूर्वीं आणखी एक घोटाळा होऊन बसला होता, आणि तो टेलिव्हिजननें केला. टेलिव्हिजनच्या चित्राची गति प्रथमतः ज्या त्या देशांतील विजेच्या कंपनांशीं जुळवून ठरविली गेली. युरोपांत वीज सेकंदाला ५० कंपनांची, म्हणून तेथें सेकंदाला २५ चित्रें. अमेरिकेंत ६० कंपनांची, म्हणून तेथें ३०. चित्रपट मात्र दोन्हीकडे २४ चौकटींचाच. हा २४ चा माणूस २५ च्या आणि ३० च्या घरांत राहावयास कसा घालावा, हा प्रश्न दोन खंडांनीं दोन तऱ्हांनीं सोडविला, आणि त्यांचें उत्तर एक नसल्यामुळें आपल्या प्रेक्षकाचें दुखणें जन्मास आलें.

युरोपानें सरळ मार्ग धरला. २४ च्या जागीं २५ चौकटी पळवाव्या, शेंकडा चार गति वाढली तर वाढूं द्यावी. दोन तासांचा चित्रपट अशानें ११५ मिनिटें १२ सेकंदांत संपतो. आवाजहि त्याच प्रमाणांत चढतो. चढ अर्ध्या स्वराहून किंचित कमी असतो, आणि मूळ गाणें ज्याच्या कानांत पक्कें बसलें आहे त्यासच तो खटकतो. भारतांत वीज ५० कंपनांची असल्यानें दिल्लीस १९५९ मध्यें व मुंबईस १९७२ मध्यें सुरू झालेलें टेलिव्हिजन याच पंथाचें झालें. रविवारीं दुपारीं दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतील चित्रपट इंग्रजी सबटायटलांसह लागत, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. जेथें हीं अक्षरें प्रतीवरच कोरलेलीं असत तेथें चित्र पळालें तर अक्षरहि तितकेंच पळे; घड्याळ बदललें तरी जोडी फुटत नसे.

अमेरिकेनें अवघड मार्ग धरला. तेथें प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांनीं विणलेलें, म्हणून सेकंदाला ६० अर्धचित्रें लागत. चित्रपटाची एक चौकट दोन अर्धचित्रांपुरती, पुढची तिनांपुरती, पुन्हां पुढची दोहोंपुरती, अशी आळीपाळीनें धरून ठेवली कीं २४ चौकटींचीं बरोबर ६० अर्धचित्रें होतात, व चित्रपटाची लांबी बदलत नाहीं. हिशेब सुबक होता. पण डिसेंबर १९५३ मध्यें तेथें रंगीत टेलिव्हिजनचा नवा नियम मान्य झाला, आणि सुबकपणा गेला. रंगाची माहिती वाहणारी लहर जुन्याच प्रक्षेपणांत बसवावयाची होती. ती, आणि चित्रापासून ४५ लाख कंपनांच्या अंतरावर असलेली आवाजाची लहर, यांच्या संघर्षानें पडद्यावर नक्षी उमटण्याचें भय होतें. आवाजाची लहर हलवावी तर लोकांच्या घरचे जुने संच बिघडत. तेव्हां अभियंत्यांनीं चित्राचीच गति १००१ भागांत एक भाग कमी केली. ३० च्या जागीं २९.९७ आलें, त्याबरोबर चित्रपटाच्या २४ चौकटीहि तेथें २३.९७६ झाल्या.

एक हजारांश तो काय, असें वाटेल. पण तो तासाला ३.६ सेकंद होतो, आणि चित्रांस ओळीनें क्रमांक देऊन त्यावरून वेळ मोजणाऱ्या संकलकास तो भोंवूं लागला. तीस क्रमांक म्हणजे एक सेकंद असें धरलें तर क्रमांकांचा तास खऱ्या तासाहून लांब भरतो. यावर जी तोड काढली गेली ती आपल्याकडील पंचांग जाणणाऱ्यास परकी वाटूं नये. प्रत्येक मिनिटाच्या आरंभींचे दोन क्रमांक गाळावयाचे. मात्र दर दहाव्या मिनिटास गाळावयाचे नाहींत. तासास १०८ क्रमांक गळतात आणि घड्याळ जुळतें. मग दिवसाकाठीं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी फरक उरतो. चित्र एकहि गळत नाहीं, केवळ त्याचें नांव गळतें. क्षयतिथि आली म्हणून कोणाच्या आयुष्यांतील दिवस कमी होत नाहीं, तिचा अंक तेवढा वगळला जातो. अगदीं तसेंच हें आहे. परंतु एका घरीं क्षय मानणारें पंचांग आणि शेजारीं न मानणारें असल्यास दोघांची एकादशी एका दिवशीं कशी यावी?

इतक्या घड्याळांच्या या जगांत अक्षराची चित्रापासून खरी फारकत झाली. तिचा आरंभ एका सत्कार्यांतून झाला. ज्यांस ऐकूं येत नाहीं त्यांच्याकरितां शब्द दाखवावे, पण इतरांच्या चित्रावर ते लादूं नयेत, या हेतूनें ब्रिटनमध्यें १९७४ पासून चालू असलेल्या टेलिटेक्स्टचा पुढें उपयोग झाला, आणि अमेरिकेंत १९८० च्या मार्चपासून टेलिव्हिजनच्या चित्रांतील २१ व्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या ओळींतून अक्षरें जाऊं लागलीं. अक्षर आतां चित्राहून वेगळें झालें खरें, पण प्रवास एकाच गाडींतून होता. १९९६ मध्यें प्रथम जपानांत विक्रीस आलेल्या डीव्हीडीनें अनेक भाषांचीं सबटायटलें एकाच तबकडींत ठेवलीं. तींहि चित्राच्याच सोबत, त्याच घड्याळावर.

शेवटचा दोर संगणकानें कापला. तबकडींतील अक्षरें हीं वस्तुतः अक्षरांचीं चित्रें असतात. तीं ओळखून साधा मजकूर करणारे 'सबरिप'सारखे प्रोग्रॅम लोकांनीं तयार केले, आणि सबंध चित्रपटाचें बोलणें एका इवल्याशा फाईलींत मावूं लागलें. या फाईलींत प्रत्येक वाक्याबरोबर तें कधीं यावें व कधीं जावें एवढेंच लिहिलेलें असतें. तें लिहिण्याच्या दोन रीति. 'सबरिप'च्या रीतींत तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग लिहितात. 'मायक्रोडीव्हीडी'च्या रीतींत वेळ न लिहितां चौकटीचा क्रमांक लिहितात. दुसऱ्या रीतींतील धोका उघड आहे. वाक्य २४००० व्या चौकटीस यावें असें लिहिलें असेल, तर सेकंदाला २४ च्या हिशेबानें तें १६ मिनिटें ४० सेकंदांवर येईल, २५ च्या हिशेबानें बरोबर १६ मिनिटांवर. पण पहिली रीतहि निर्दोष नाहीं, कारण तिनें घड्याळाची वेळ सांगितली तरी तें घड्याळ युरोपचें कीं अमेरिकेचें, हें ती सांगत नाहीं.

आतां दोषांचे प्रकार सहज वेगळे करतां येतात. गवयाबरोबर ठेका धरणारा एक मात्रा उशिरां सुरू झाला, पण लय त्याच गतीची राखली, तर अंतर पहिल्या आवर्तनांत एक मात्रेचें आणि शंभराव्यांतहि एक मात्रेचेंच राहील. हा पहिला दोष होय. कोणाच्या प्रतीच्या आरंभीं चित्रसंस्थेचें बोधचिन्ह दहा सेकंद अधिक असलें कीं तो उद्भवतो. १९०६ मध्यें हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाल्यावरहि मुंबई कित्येक वर्षें आपली ३९ मिनिटें मागची स्थानिक वेळ धरून बसली होती. गैरसोय होई, पण ३९ मिळविले कीं हिशेब जुळे. कळ दाबून जातो तो हाच दोष.

परंतु ठेका धरणाऱ्याची लयच वाढलेली असेल तर पहिली सम जुळूनहि पुढची किंचित चुकेल, त्यापुढची अधिक, आणि अखेरीस कोणाचें काय चाललें आहे हें कळेनासें होईल. हा दुसरा दोष होय. युरोपच्या २५ चौकटींच्या तबकडीवरून काढलेलीं सबटायटलें अमेरिकी २३.९७६ च्या चित्रास जोडलीं, तर मिनिटास सुमारें अडीच सेकंद या वेगानें अक्षर पुढें पळतें; फाईलींतील एक तास पुरा होईतों तें चित्राच्या १५३ सेकंदांहून अधिक पुढें गेलेलें असतें. उलट जोडी केल्यास तितक्याच वेगानें तें मागें पडतें. फरक २४ आणि २३.९७६ मधील असला तर तासाला ३.६ सेकंदच, म्हणून आरंभीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि शेवटच्या प्रसंगांत खुनी कोण हें वेळेवर कळत नाहीं. येथें कळ दाबणारा फसतो. तो एक ठिकाण जुळवितो, दहा मिनिटांनीं पुन्हां बिघडतें, पुन्हां जुळवितो, आणि यंत्रावर रागावतो.

तिसरा दोष पायऱ्यांसारखा असतो. टेलिव्हिजनवरून मुद्रित केलेल्या प्रतींत जाहिराती राहिल्या, अथवा कात्रीनें एखादा प्रसंग गेला, तर तेथपर्यंत सर्व ठीक असतें, व तेथून एकदम अंतर पडून तें तसेंच राहतें. हें त्या जुन्या तुटलेल्या रिळाचेंच नवें रूप. काळ्या चौकटी घालावयास मात्र कोणी उरलेला नाहीं.

निदान झालें कीं उपाय अवघड नाहीं. चित्रपटाच्या आरंभींचें एक वाक्य व अखेरचें एक वाक्य घ्यावें, आणि दोन्ही ठिकाणीं अंतर मोजावें. दोन्हीकडे सारखें असल्यास पहिला दोष. वाढत गेलें असल्यास दुसरा. त्यापुढें उरतें तें केवळ त्रैराशिक : फाईलींतील इतक्या वेळास चित्रांतील इतका वेळ, तर मधल्या प्रत्येक वाक्यास किती? सबटायटल दुरुस्त करणारे प्रोग्रॅम हेंच गणित करतात. अलीकडचे कांहीं प्रोग्रॅम चित्रपटांतील आवाज तपासून माणसें कोठें बोलतात व कोठें गप्प असतात याचा आराखडा काढतात, आणि अक्षरांचा आराखडा त्यावर सरकवून, ताणून, जेथें अधिकांत अधिक जुळेल तेथें बसवितात. मधें तुकडा गळाला असल्यास मात्र दोन बिंदु पुरत नाहींत. प्रत्येक पायरीचा हिशेब निराळा करावा लागतो.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, करमणुकीच्या साधनांतील दोन-तीन सेकंदांकरितां एवढा खटाटोप कशाला? ज्यास ऐकूं येतें त्याच्यापुरता हा प्रश्न रास्त आहे. अक्षर चुकलें तर त्याचा कान त्यास सांवरून घेतो. आवाज पुरुषाचा आणि ओळ बाईची, हें त्यास तत्काळ कळतें. बहिऱ्या प्रेक्षकास हा आधार नाहीं. त्याच्यापुढें ओठ एकाचे हलतात आणि शब्द दुसऱ्याचे येतात. तो एकाचा अपराध दुसऱ्याच्या माथीं मारतो, आणि आपण चुकलों हें त्यास सांगणारें चित्रांत कांहीं नसतें. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें दृश्य माध्यमांत अशा अक्षरांची तरतूद करण्याचें कर्तव्य शासनावर घातलें आहे. अक्षरें दिलीं, पण तीं वेळेवर दिलीं नाहींत, तर ती तरतूद कागदावरची ठरेल.

दुसरें उदाहरण शिक्षणाचें. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंतील ब्रिज कोठारी यांनीं १९९६ पासून अशी कल्पना पुढें मांडली कीं, चित्रपटगीतांच्या खालीं त्याच भाषेंतील शब्द दाखवावे, आणि जो शब्द गाइला जात आहे त्याचा रंग त्याच क्षणीं बदलावा; म्हणजे ज्यांचें वाचन कच्चें राहिलें आहे त्यांचा सराव गाणें ऐकतां ऐकतां होईल. दूरदर्शनच्या 'चित्रहार' व 'रंगोली' या कार्यक्रमांत तो प्रयोग झाला. येथें सारी मदार क्षणावर आहे. गाणारा 'चंद्र' म्हणत असतांना 'रात्र' हा शब्द रंगला, तर शिकणाऱ्याच्या मनांत चुकीच्या अक्षराशीं चुकीच्या ध्वनीचें लग्न लागतें. ज्यास अक्षर येतें त्याला ही गंमत वाटेल. ज्यास येत नाहीं त्याची ती फसवणूक आहे.

तेव्हां अक्षर पुन्हां चित्रावर गोंदावें काय? तसें कोणी म्हणणार नाहीं, आणि म्हणूंहि नये. फारकत झाली म्हणूनच आज एका चित्रपटाखालीं मराठीहि येऊं शकते आणि कोरियनहि. एखाद्या होतकरू अनुवादकानें आपल्या खोलींत बसून केलेलें भाषांतर सातासमुद्रापलीकडच्या प्रेक्षकास उपयोगीं पडूं शकतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वेगळें झालेलें अक्षर घरांतून निघतांना आपला पत्ता बरोबर घेऊन निघावें. वाक्य कधीं यावें हें फाईलींत लिहिलेलें असतेंच. तें कोणत्या प्रतीस लावून पाहिलें आणि त्या प्रतीची गति सेकंदाला किती चौकटींची होती, हें एका ओळींत लिहावयास करणाऱ्यास अर्धें मिनिट लागेल. तेवढी एक ओळ असली, तर पुढच्या माणसास त्रैराशिक मांडतां येतें.